दोन पंखे लावूनही कंट्रोलर बोर्ड का जळेल

प्रश्न थोडक्यात सांगतो. बार्शीकडच्या एका तरुण फॅब्रिकेटरने विजेवर चालणारं कोळपणी यंत्र तयार केलं आहे. 48 व्होल्टची बॅटरी, दीड किलोवॅटची बीएलडीसी (ब्रश नसलेली डीसी) मोटर, आणि तिला करंट सोडणारा कंट्रोलर बोर्ड स्वतः बनवलेला, सहा आयआरएफबी 4110 मॉस्फेटचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचचा. टेबलावर यंत्र तासभर चालतं. रानात नेलं की वीस-पंचवीस मिनिटांत बसतं. तीन बोर्ड गेले आणि तिन्ही वेळा खालच्या बाजूचाच, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडचा, एखादा मॉस्फेट शॉर्ट निघाला. काळ्या मातीची धूळ आत जाऊ नये म्हणून बोर्ड आणि हीटसिंक (उष्णता हवेला देणारा, पात्यांचा अॅल्युमिनियमचा तुकडा) दोन्ही पत्र्याच्या बंद डब्यात ठेवले आहेत, आत कॉम्प्युटरचा एक पंखा आहे. मॉस्फेटखाली करड्या सिलिकॉनचे पॅड आहेत. विचारलं आहे ते असं: हीटसिंक मोठा घेऊ की पंखे दोन करू?

दोन्हीवर आत्ता पैसे घालू नका. तुम्ही पाठवलेले फोटो आणि प्रोग्रॅम पाहिला. मॉस्फेट चांगले आहेत, बोर्डावरचं तांबंही पुरेसं जाड आहे. अडचण उष्णतेच्या वाटेत आहे. चिपमध्ये तयार झालेली उष्णता मोकळ्या हवेपर्यंत पोचायला हवी, आणि तुमच्याकडे ती तीन ठिकाणी अडते. पंख्याचा या तिन्हींपैकी एकाशीही संबंध नाही.

सगळ्यात सोपी गोष्ट आधी. हीटसिंक बंद डब्यात असला तर तो हवेला उष्णता देतो खरा, पण ती हवा डब्यातलीच. पंखा तीच हवा घुसळत राहतो. तिथून पुढे उष्णता पत्र्यातून बाहेर जाणार, आणि तुमच्या डब्याच्या आकाराला पन्नास वॅटसाठी आतली हवा बाहेरच्यापेक्षा पंचवीस अंशांनी तरी वर चढते. मे महिन्यात सावलीतच 42-43 अंश. म्हणजे आतली हवा सत्तरच्या आसपास, आणि हीटसिंक त्याहून वर. टेबलावर हे दिसलं नाही, कारण तिथे मोटर रिकामी फिरत होती, झाकण उघडं होतं आणि डोक्यावर ऊन नव्हतं.

उन्हाचा हिशेब फार कमी लोक करतात. भर दुपारी एका चौरस मीटरवर हजार वॅटच्या आसपास ऊन पडतं. तुमच्या डब्याचं झाकण साधारण 20 बाय 20 सेंटीमीटर, म्हणजे 40 वॅट. झाकणाला काळा रंग आहे, तो त्यातलं बहुतेक सगळं पिऊन घेतो. मॉस्फेट जेवढी उष्णता करतात जवळपास तेवढीच सूर्य वरून ओततो आहे. झाकणाला पांढरा ऑइल पेंट द्या आणि वर दोन सेंटीमीटर अंतर सोडून साध्या पत्र्याचं छप्पर करा. पांढरा रंग ऊन परतवतो, पण स्वतःची उष्णता बाहेर टाकण्यात काळ्याच्या तोडीस तोड असतो. चकचकीत कोरं अॅल्युमिनियम मात्र स्वतःची उष्णता बाहेर टाकण्यात फार कंजूष. म्हणून हीटसिंक अॅनोडाइझ केलेला (ऑक्साइडचा थर चढवलेला) घ्यावा. काळाच हवा असं काही नाही.

आता डबा कसा करायचा. मातीत चालणाऱ्या यंत्रावर हवा आत घेणारा पंखा मी लावत नाही. बरीच वर्षं इचलकरंजीत मागांच्या ड्राइव्हची दुरुस्ती केली. पॅनल उघडलं की पंखा व्यवस्थित फिरताना दिसायचा आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये कापसाच्या तुसाची गादी बसलेली असायची. पंखा चालू, हवा शून्य. तुमच्याकडे तूस नाही, पण कोळपताना उडणारी काळी माती आहे, आणि सकाळच्या दवाने ओली झाली की ती पात्यांना लिंपल्यासारखी चिकटते. म्हणून डबा पूर्ण बंद करा, पण त्याची एक भिंत म्हणजेच हीटसिंक असू द्या. मॉस्फेट आतल्या सपाट बाजूला, पाती बाहेर, मोकळ्या हवेत. पाती उभी राहतील असं बसवा, म्हणजे तापलेली हवा आपोआप वर सरकते आणि खालून थंड हवा येते. आडवी बसवली तर हवा पात्यांमध्ये कोंडते आणि हीटसिंक असून नसल्यासारखा होतो. पंख्याशिवाय चालवायचं तर दोन पात्यांमध्ये आठ-दहा मिलिमीटर अंतर हवं. दाट पात्यांचा हीटसिंक दिसायला भरभक्कम वाटतो, पण तो पंख्यासाठी असतो. विरळ पात्यांमधली माती ब्रशने एका मिनिटात निघते, हाही फायदा.

किती मोठा? बोर्डात पन्नास वॅट जळतात असं धरू. बाहेर 45 अंश, आणि हीटसिंक 80 च्या वर जाऊ द्यायचा नाही. म्हणजे 35 अंशांत 50 वॅट बाहेर गेले पाहिजेत, दर वॅटला 0.7 अंश. पंख्याशिवाय हे साधायला साधारण 20 बाय 15 सेंटीमीटरचा, 40 मिलिमीटर उंच पात्यांचा तुकडा लागतो. भंगारात जुन्या इन्व्हर्टरचे असे सेक्शन वजनावर मिळतात. यंत्राच्या लोखंडी फ्रेमलाच मॉस्फेट बसवले तर, असंही तुम्ही विचारलं आहे. फ्रेम गोल पाइपची आहे. सपाट पट्टी गोल पाइपला एका रेषेतच टेकते, आणि लोखंड उष्णता वाहून नेण्यात अॅल्युमिनियमच्या चौथाईइतकंच. नको.

हे झालं बाहेरचं. तुमचे मॉस्फेट खरे मेले ते आत, पहिल्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये.

आधी खालचाच मॉस्फेट का जातो ते बघू. मोटरच्या तीन वायरी म्हणजे तीन फेज. प्रत्येक फेजला एक मॉस्फेट वरचा, बॅटरीच्या प्लसकडचा, आणि एक खालचा, मायनसकडचा. तुमच्या प्रोग्रॅममध्ये पीडब्ल्यूएम, म्हणजे भराभर चालू-बंद करून करंट आवरणं, फक्त वरच्या मॉस्फेटला आहे. यंत्राचे दात ढेकळात किंवा मुळांत अडकले की मोटर जवळजवळ थांबते, करंट मात्र पूर्ण 50 अँपियर असतो. थांबलेल्या मोटरला एवढा करंट द्यायला चार-पाच व्होल्ट पुरतात, म्हणून वरचा मॉस्फेट दर चक्रात दहा टक्केच वेळ चालू राहतो. उरलेले नव्वद टक्के वेळ तोच करंट त्याच फेजच्या खालच्या मॉस्फेटमधून फिरतो, आणि तो मॉस्फेट तर बंद आहे, म्हणजे करंट त्याच्या अंगच्या डायोडमधून जातो. डायोडवर साधारण 0.9 व्होल्ट पडतात. 50 गुणिले 0.9 म्हणजे 45, त्याचे नव्वद टक्के धरले तर 40 वॅट, सगळे एका टीओ-220 मध्ये, म्हणजे तीन पायांच्या एकाच मॉस्फेटच्या अंगात. मोटर फिरत असते तेव्हा हा भार खालच्या तिघांत आळीपाळीने वाटला जातो. अडकली की एकट्यावर येतो.

हे 40 वॅट हीटसिंकपर्यंत कसे जातात ते पाहा. चिपपासून मॉस्फेटच्या पाठीच्या पत्र्यापर्यंत दर वॅटला 0.4 अंश, हे डेटाशीटमध्येच आहे आणि ते आपल्या हातात नाही. पाठीपासून हीटसिंकपर्यंत मात्र सगळं आपण ठरवतो. तुमच्या करड्या सिलिकॉन पॅडला तिथे दर वॅटला दोन अंशांच्या आसपास लागतात. 40 गुणिले 2.4 म्हणजे 96 अंश. हीटसिंक 80 वर आहे असं धरलं तरी चिप 176 वर गेली, आणि या मॉस्फेटची मर्यादा 175. हा हिशेब हीटसिंक 80 वर धरून केला. तुमच्या बंद डब्यात तो 80 वर थांबत नव्हता.

पॅड काढून अॅल्युमिनाचा पांढरा सिरॅमिक तुकडा आणि दोन्ही बाजूंना पेस्टचा पातळ थर दिला, तर तोच आकडा अर्ध्या अंशावर येतो. 40 गुणिले 0.9 म्हणजे 36. चिप 116 वर. हीटसिंक तोच, पंखा नाही, आणि साठ अंशांचा फरक पडला. अभ्रकाचा पातळ वॉशर पेस्टसह वापरलात तर दर वॅटला एक अंशाच्या आसपास, म्हणजे मधला मार्ग. तो स्वस्त आहे आणि कुठेही मिळतो, पण हाताळताना त्याचे पापुद्रे सुटतात, चीर गेलेला वॉशर वापरू नका.

मधे काहीच नको, थेट हीटसिंकवर बसवतो, असं काही जण करतात. मॉस्फेटची पाठ म्हणजे ड्रेन, त्याच्या तीन जोडण्यांपैकी एक. वरच्या तिघांची पाठ बॅटरीच्या प्लसला असते, ते तिघे एकमेकांना लागले तरी चालतील. खालच्या तिघांची पाठ तीन वेगवेगळ्या फेजला असते. एकाच धातूवर थेट बसवले तर तिन्ही फेज एकत्र. काळ्या अॅनोडाइझवर विसंबू नका, स्क्रू पिळताना तो थर हमखास खरवडतो.

प्रोग्रॅमही बदला. वरचा बंद झाला की खालचा चालू करायचा, मध्ये एखाद्या मायक्रोसेकंदाचा डेड टाइम, म्हणजे दोन्ही बंद असण्याचा वेळ, ठेवून. मग करंट डायोडऐवजी मॉस्फेटच्या चॅनलमधून जातो. रेझिस्टन्स 4.5 मिलिओहम, तापल्यावर दीडपटीहून थोडा जास्त, म्हणजे 40 वॅटच्या जागी 16-17 वॅट. डेड टाइम मात्र ऑसिलोस्कोपवर दोन्ही गेटचे (मॉस्फेट चालू-बंद करणाऱ्या पायांचे) सिग्नल पाहूनच ठरवा. दोघे एकाच वेळी चालू राहिले तर बॅटरी सरळ शॉर्ट होते आणि तिथे कुठलाही हीटसिंक मदतीला येत नाही.

आता बसवण्याकडे येतो. इथे घाई केली की वरचे सगळे आकडे कागदावरच राहतात.

हीटसिंकची जागा सपाट आहे का ते बघा. पोलादी पट्टी उभी टेकवा आणि मागे टॉर्च धरा. मधून उजेड दिसला तर जागा पोकळ आहे. बाजारचे सेक्शन बहुतेक वेळा मधोमध किंचित खोल असतात. जाड काचेवर 400 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा, त्यावर पाणी टाकून हीटसिंक गोल-गोल घासा. भोक पाडलंत की कडेला बर राहतो, नखाला लागतो तो. मोठा ड्रिल हातात धरून दोन फेऱ्या फिरवा, बर जातो. एवढासा बर पॅड फाडतो किंवा सिरॅमिकचे दोन तुकडे करतो, आणि ते आत दडलेलं असल्याने दिसत नाही.

पेस्ट किती? तांदळाच्या दाण्याएवढी, आणि जुन्या प्लास्टिक कार्डाने पसरलेली. पेस्ट ही चांगली उष्णतावाहक आहे म्हणून लावायची नसते. अॅल्युमिनियमपुढे ती काहीच नाही, पण दोन पृष्ठभागांच्या बारीक खड्ड्यांत अडकलेल्या हवेपेक्षा पन्नास-शंभर पटींनी बरी. खड्डे भरतील एवढीच हवी. एकदा दाबून उचलून बघा: दोन्ही बाजूंना सलग पुसट ठसा उमटला तर बरोबर. मधे कोरडा डाग असेल तर जागा सपाट नाही, जास्त पेस्ट घालून तो झाकू नका.

स्क्रूबद्दल एक गोष्ट नीट लक्षात घ्या. टीओ-220 चं भोक वरच्या टोकाला असतं आणि चिप खालच्या काळ्या भागाखाली. स्क्रू जोरात आवळला की वरचं टोक खाली दबतं आणि खालची बाजू, जिथे चिप आहे तीच, केसभर उचलली जाते. या मॉस्फेटला एम3 स्क्रूसाठी 1.1 न्यूटन-मीटरची मर्यादा दिली आहे, हाताच्या लहान स्क्रू-ड्रायव्हरने नीट बसेल एवढी. कॉर्डलेस ड्रायव्हर लावूच नका. मी स्वतः स्क्रू वापरत नाही. सहाही मॉस्फेट एका ओळीत ठेवतो, त्यांच्या काळ्या अंगावर सिलिकॉन रबराची पातळ पट्टी आणि त्यावर पाच-सहा मिलिमीटर जाड लोखंडी पट्टी. पट्टीचे बोल्ट हीटसिंकमध्ये टॅप केलेल्या भोकांत, स्प्रिंग वॉशरसह. दाब बरोबर चिपवर येतो, स्क्रूला इन्सुलेशनचा बुश लागत नाही, सिरॅमिकला भोक लागत नाही, आणि सहा जणांवर सारखा दाब पडतो. बोल्ट दर दोन मॉस्फेटमागे एक तरी हवा, नाहीतर पट्टी मधे वाकते.

आणि क्रम. तुमच्या तिसऱ्या बोर्डाच्या फोटोत दोन पाय सोल्डरच्या मुळाशी तुटलेले दिसतात. तुम्ही आधी सोल्डर केलं आणि मग मॉस्फेट हीटसिंकवर ओढून बसवले. तसं केलं की पाय कायमचे ताणात राहतात, आणि कोळप्याच्या हादऱ्यांनी महिनाभरात सोल्डरला गोल चीर जाते. उलटं करा. पाय आधी वाकवून घ्या, शरीरापासून तीन मिलिमीटर सोडून, शरीराकडची बाजू नोज प्लायरमध्ये धरून. मॉस्फेट बोर्डाच्या कडेबाहेर येतील असे ठेवा. बोर्ड पितळी स्पेसरवर बसवून आवळा, मग मॉस्फेटवरची पट्टी आवळा, आणि सगळं जागेवर स्थिर झाल्यावर शेवटी सोल्डर करा. स्पेसर हीटसिंकवरच बसवायचे. तुमच्याकडे बोर्ड झाकणाला आहे आणि मॉस्फेट तळाला. यंत्र हादरलं की दोघं वेगवेगळे हलतात आणि तो सगळा हेलकावा पायांवर येतो. बोर्ड, मॉस्फेट, हीटसिंक एकच ठोकळा झाला पाहिजे, आणि तो ठोकळा फ्रेमवर रबरी बुशवर. हे आता शक्य आहे, कारण उष्णता फ्रेममार्गे जातच नाही.

कॅपॅसिटर मॉस्फेटजवळ हवेत, पण हीटसिंकला टेकलेले नकोत. दर दहा अंश थंड ठेवलात तर इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचं आयुष्य अंदाजे दुप्पट होतं. तुमच्याकडे 63 व्होल्टचे आहेत. 13 सेलची लिथियम बॅटरी पूर्ण चार्ज झाली की 54.6 व्होल्टवर जाते आणि लांब वायरींमुळे येणारे झटके त्याच्या वर. 100 व्होल्टचे घाला. हादऱ्यांसाठी त्यांना बुडाशी सिलिकॉन लावा, पण ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते नको, त्यातून निघणारं अॅसिड तांबं खातं. न्यूट्रल क्युअर असं लिहिलेलं मागा.

बंद डब्याची एक खोड असते. दिवसभर तापलेली आतली हवा संध्याकाळी आकसते आणि बाहेरची दमट हवा आत ओढते, वायर डब्यात शिरते तिथल्या ग्लँडमधून, अगदी वायरच्या बारीक तारांमधूनसुद्धा. काही दिवसांनी आत घाम सुटलेला दिसतो. ग्लँड सगळे खालच्या बाजूला घ्या, वायरी ग्लँडच्या खाली झोळ देऊन वर आणा, आणि हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा व्हेंट प्लग खाली बसवा. बोर्डावर कन्फॉर्मल कोटिंगचे (ओल अडवणाऱ्या लाखेचे) दोन हात. बॅटरीचे आणि फेजचे लग, म्हणजे वायरीच्या टोकांचे धातूचे जोड, क्रिंपिंग टूलने दाबून. पक्कडीने चेपलेला लग 50 अँपियरला स्वतःच शेगडी होतो आणि ती उष्णता बोर्डात शिरते.

थर्मिस्टर (तापमान ओळखणारा रेझिस्टर) लावणार आहात ते छान, पण त्याच्यावर सगळं सोपवू नका. हीटसिंक एक-दीड किलोचा, तो मिनिटांनी तापतो. चिपचं वजन ग्रॅमभरही नाही, ती सेकंदाच्या आत तापते. मोटर अडकल्यावर थर्मिस्टरला कळेपर्यंत चिप गेलेली असते. म्हणून दोन वेगळी संरक्षणं हवीत. हीटसिंक 75 च्या पुढे गेला की करंट हळूहळू कमी करायचा, 90 ला बंद. आणि मोटर दोन सेकंद फिरली नाही तर तापमान काहीही असो, करंट 15 अँपियरवर आणायचा. शेतकरी यंत्र मागे ओढून दात मोकळे करतो तेवढ्यात हे पुरतं.

नवीन बोर्ड रानात नेण्याआधी एक चाचणी करा. बॅटरी आणि मोटर दोन्ही काढा, कॅपॅसिटर रिकामे करा. प्रत्येक मॉस्फेटची पाठ आणि हीटसिंक यांच्यात मल्टीमीटर लावा, बीप येता कामा नये. हीटसिंक गरम केल्यावर पुन्हा तपासा, काही शॉर्ट गरम झाल्यावरच उघड होतात. मग लॅब सप्लायचा प्लस बोर्डाच्या बॅटरी-मायनसला आणि सप्लायचा मायनस एका फेजला जोडा, करंटची मर्यादा 10 अँपियर. करंट खालच्या मॉस्फेटच्या डायोडमधून जाईल, त्यावर 0.75 व्होल्टच्या आसपास पडतील, म्हणजे साडेसात वॅट. वरच्या मॉस्फेटसाठी सप्लायचा प्लस फेजला आणि मायनस बॅटरी-प्लसला. पाच मिनिटं थांबा आणि थर्मोकपलने दोन तापमानं घ्या: मॉस्फेटच्या पाठीच्या पत्र्याचं, आणि त्याला लागून हीटसिंकचं. सिरॅमिक नीट बसला असेल तर फरक चार अंशांच्या आसपास येतो. जुन्या पॅडवर हीच चाचणी केलीत तर पंधरा दिसतील. सहाही मॉस्फेटचे फरक कागदावर लिहा. ज्याचा आकडा बाकीच्यांपेक्षा दोन-तीन अंशांनी जास्त, त्याच्यावरची पट्टी सैल करा, तो उचला आणि खालचा ठसा बघा.